हवेतला वेळ

सकाळचा सराव सुरू व्हायच्या आधी मुली एकेक करून काळ्या रबरी चटईवर उभ्या राहायच्या, हात कमरेवर ठेवायच्या, झटकन गुडघ्यांत वाकायच्या आणि सरळ वर उडायच्या. असं तीनदा. पाय चटईवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंत किती वेळ हवेत गेला ते चटईला कळायचं, आणि त्यावरून उडी किती उंच झाली तो आकडा आत्याच्या हातातल्या टॅबलेटवर उमटायचा. एवढाच काय तो खटाटोप, पण त्यावर आत्याचा फार भरवसा. पाय थकले की माणसाच्या आधी उडीला कळतं, असं ती नव्या मुलींना सांगायची. "तोंड म्हणतं मी ठणठणीत आहे, उडी म्हणते काल झोप झाली नाही. तोंड खोटं बोलेल बाई, उडी नाही बोलत."

मुलींच्या तब्येतीवर लक्ष ठेवणं हे तिचं काम, पण ती सगळ्या संघाची आत्या झाली ती एका मुलीमुळे. व्हॉलीबॉलच्या या संघाचा प्रशिक्षक म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ, आणि जाळीच्या वर उडून समोरच्या कोर्टात चेंडू आदळणारी, संघाची हुकमी पोरगी म्हणजे त्याची लेक. वय एकोणीस, लांबच लांब तंगड्या आणि जागच्या जागी उडायची लहानपणापासूनची खोड, म्हणून घरीदारी तिचं नाव नाकतोडा. नाकतोडा तिला आत्या म्हणायची, मग संघातल्या बाकीच्याही म्हणायला लागल्या. भावाला तर सगळं जगच दादा म्हणायचं. दादा आत्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठा. तिला सायकल शिकवली त्याने, पोहायला शिकवलं त्याने, आणि शाळेत कुणी छळलं तर त्या पोराच्या घरी जाऊन उंबऱ्यात उभा राहिला तोही हाच. तिचं लग्न झालं नाही, ते का झालं नाही असं त्याने कधी विचारलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला विचारूही दिलं नाही. अशा भावासमोर 'नाही' म्हणायची वेळ आत्यावर फारशी आली नव्हती.

ती आली अंतिम सामन्याच्या तीन आठवडे आधी.

नाकतोड्याची उडी उतरायला लागली. एखाद्या दिवशी उतरली तर आत्या लक्षही देत नसे. कुणाचं पोट बिघडलेलं असतं, कुणाचं प्रेम. पण इथे रोज थोडी थोडी खाली, आणि चढायचं नाव नाही. आधीच्या आठवड्यात नाकतोड्याचा घसा धरला होता, बारीक ताप होता. गोळ्या घेतल्या, ताप गेला, ती परत आली. सगळ्यांनी मानलं की झालं, संपलं.

"दादा, तिला दोन दिवस सुट्टी दे," आत्या म्हणाली.

दादा चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून उभा होता. "आत्ता? निवड समितीवाले अंतिम सामना बघायला येणारेत. राष्ट्रीय संघाच्या शिबिराला एक जागा आहे, एक! आणि हिला सुट्टी?"

"थकलीये ती."

"कोण म्हणतं?"

"उडी म्हणते."

दादा हसला. पण बहिणीचा शब्द त्याने मोडला नाही. दोन दिवस नाकतोडा घरी झोपून राहिली. तिसऱ्या दिवशी ती चटईवर उभी राहिली तेव्हा आत्या टॅबलेटवर वाकून उभी होती. थकलेले पाय विश्रांती मिळाली की उसळी घेतात, हे तिने कितीदा तरी पाहिलं होतं. नाकतोडा उडाली. आकडा होता तिथेच.

तेव्हापासून आत्याला चैन पडेना. पायाला भिंगरी लागल्यासारखी ती हॉलच्या बाहेरच्या बोळात येरझाऱ्या घालायची, पाण्याच्या बाटल्या भरलेल्याच असायच्या तरी परत भरायची. घरी टीव्ही लावायची आणि बंद करायची. चहा करून ठेवायची आणि तो निवून साय धरेपर्यंत खिडकीत उभी राहायची. थकवा आहे तर विश्रांतीने जात का नाही? आणि थकवा नसेल तर मग काय आहे? या प्रश्नाशी आली की तिचं डोकं तिथेच अडायचं, आणि तिथून पुढे जायची तिला भीती वाटायची. मन चिंती ते वैरी न चिंती, असं स्वतःलाच बजावत ती भांडी घासायला घ्यायची.

आणि मग, उपांत्य सामन्याला तीन दिवस राहिले असताना, आकडा चढला.

चांगला चढला. आत्याने टॅबलेट डोळ्यांजवळ नेला. दुसरी उडी त्याहून चांगली, तिसरी तर जवळजवळ जुन्या उडीला टेकली.

"बघितलंस?" दादा मागेच उभा होता. "म्हटलं नव्हतं? नाकतोड्याला काय धाड भरलीये!"

नाकतोडा हसली, पण लगेच चटईवरून उतरून बाकावर जाऊन बसली आणि बुटाची नाडी बांधत राहिली. नाडी सुटलेली नव्हती. हे आत्याने पाहिलं आणि पाहूनही सोडून दिलं, कारण तिला तो आकडा हवा होता. तिने दादाला सांगितलं, "खेळू दे."

उपांत्य सामना ते जिंकले. नाकतोडा खेळली. पूर्वीसारखी नाही, पण खेळली. चेंडू वाचवायला तिने जमिनीवर सूर मारले आणि प्रत्येक वेळी उठताना ती क्षणभर तशीच पालथी राहिली, जणू उठायचं की नाही याचा विचार करतेय. लोक टाळ्या वाजवत होते. आत्या बाकावर बसू शकली नाही, पूर्ण सामना तिने उभ्याने काढला आणि नखं कुरतडून बोटं लाल करून घेतली. जिंकल्यावर मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या, तेव्हा नाकतोडा त्यांच्या मधोमध होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा सुटका जास्त दिसत होती.

अंतिम सामना पुढच्या रविवारी होता.

शनिवारी सकाळी टॅबलेट अडकला. स्क्रीन गोठली, काही केल्या हलेना. मुली ओळीत उभ्या. "उड्या मारा गं, चटईच्या मशीनमध्ये आकडे राहतात, मी नंतर काढून घेईन," आत्या म्हणाली. एरवी तिचे डोळे स्क्रीनवर खिळलेले असायचे. आज स्क्रीनवर बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती मुलींकडे बघू लागली.

पेन्सिल म्हणून एक काटकुळी पोरगी होती, राखीव खेळाडू. ती उडाली, पाय सरळ, आणि चवड्यांवर टप्पकन उतरली. दुसरी उडाली, तशीच उतरली. तिसरी, चौथी. मग नाकतोडा उडाली. वर गेली, आणि उतरता उतरता तिने गुडघे पोटाशी घेतले. पाय चटईला लागायला हवे होते तेव्हा ते अजून वरच होते. मग ती अर्धी बसल्यासारखी धप्पकन खाली आली.

चटई उंची मोजतच नाही. चटई मोजते पाय हवेत किती वेळ होते ते. पाय वर ओढून धरले की वेळ वाढतो, वेळ वाढला की आकडा वाढतो. हे आत्याला माहीत नव्हतं असं नाही. तिने ते वाचलं होतं, सुरुवातीला मुलींना पाय सरळ ठेवा म्हणून बजावलंही होतं. आणि मग ती आकड्यांत मान घालून बसली होती.

तिने नाकतोड्याला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं. खोलीत ओल्या टॉवेलांचा वास होता आणि एक नळ थेंबथेंब गळत होता. नाकतोडा भिंतीला टेकून बसली होती.

"गुडघे का घेतेस वर?"

"कुठे घेते?"

"नाकतोड्या, मी बघितलं."

तिचे डोळे भरून आले, आणि आत्याला एकदम ती सात वर्षांची दिसली, फुलदाणी फोडून पलंगाखाली लपलेली.

"बाबांनी सांगितलं," ती म्हणाली. "ते म्हणाले, पाय जरा उशिरा टेकव. आत्याची चटई गप्प बसेल आणि तुझ्याही मागची कटकट जाईल."

आत्या तिथेच खाली बसली. रागावायला हवं होतं, पण आधी राग नक्की कुणाचा करायचा तेच तिला कळेना. "तुला काय होतंय ते मला सांग," ती म्हणाली. "खरं सांग."

"काही नाही. दमते. जिना चढले की दमते." मग ती म्हणाली, "इथे दुखतं." तिने डाव्या बरगड्यांच्या खाली हात ठेवला. "थोडंसंच. आत्या, बाबांना सांगू नकोस ना. उद्याचा एक दिवस, मग मी महिनाभर झोपून राहते."

आत्याने तिला काही वचन दिलं नाही. ती तडक हॉलमध्ये गेली. दादा एकटाच जाळी ताणत होता.

"तू तिला चटईला फसवायला शिकवलंस?"

दादाने दोरीची गाठ पक्की केली आणि मगच वळला. त्याने ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही. "हो, शिकवलं. मग?"

"मग? दादा, मी ज्या आकड्यावर खेळू दे म्हटलं तो आकडाच खोटा होता!"

"तुझी चटई म्हणते थकली. माझी मुलगी म्हणते मी थकले नाही. मी कुणाचं ऐकायचं, धाकटे? रबराचं की रक्ताचं?" त्याचा आवाज चढला. "आणि जी चटई पाय दुमडले की फसते, ती कसली परीक्षा? आमच्या वेळी बोटांना खडू लावायचे आणि भिंतीला हात मारायचा. जिथे खूण, तिथे उडी. भिंतीला कुणी फसवून दाखवावं!"

"चल मग," आत्या म्हणाली.

"कुठे?"

"भिंतीपाशी. हंगामाच्या सुरुवातीला तूच घेतल्या होत्यास ना सगळ्यांच्या उड्या, बोळातल्या भिंतीवर? तिची खूण असेल तिथे. आत्ता घे. तिने ती गाठली तर मी माझी चटई गुंडाळते आणि उद्या तोंडातून अवाक्षर काढत नाही."

दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो कपाटातून खडू घेऊन आला आणि त्यानेच लेकीला हाक मारली. "नाकतोड्या! ये गं, हिला जरा दाखव."

बोळात दिवा लावावा लागला. भिंतीवर शिसपेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, प्रत्येकीसमोर दादाच्या तिरक्या अक्षरात एकेकीचं टोपणनाव. नाकतोड्याची रेघ सगळ्यांत वर, इतकी वर की तिच्याशेजारी दुसरी कुठलीच नव्हती. दादाने लेकीची बोटं खडूने पांढरी केली, ती पहिल्यांदा खेळायला आली तेव्हा जशी केली असतील तशी, एकेक बोट धरून.

ती उडाली. बोटं भिंतीला लागली. पांढरी खूण रेघेच्या वीतभर खाली उमटली.

"नीट," दादा म्हणाला. "दम घे. हात मागून आण."

तिने दम घेतला आणि परत उडाली. खूण पहिलीच्याही खाली.

"अगं, अंग चोरू नकोस! माझ्यासमोर कशाला..." असं म्हणता म्हणता तो थांबला, कारण ती अंग चोरत नव्हती. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या, ओठ पांढरे पडले होते. नुसत्या दोन उड्यांनी तिला धाप लागली होती. जे काही म्हणायचं ते भिंत म्हणत होती.

"एकदा अजून, बाबा," नाकतोडा म्हणाली. "या वेळी जमेल."

"नको," दादा म्हणाला.

पण ती वाकली होती. तिसरी उडी उडी नव्हतीच. टाचा जेमतेम उचलल्या गेल्या आणि ती डावी कूस धरून भिंतीला घसरत खाली बसली. तिच्या पांढऱ्या बोटांचे चार ओरखडे भिंतीवरून तिच्याबरोबर खाली आले.

दादाने तिला उचललं. एवढी उंच मुलगी, तिचे पाय त्याच्या हातांतून लोंबत होते. "गाडी काढ," तो बहिणीला म्हणाला.

रुग्णालयात वहिनी, नाकतोड्याची आई, फोनवर कळताच निघून त्यांच्या आधी पोचली होती. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, दुकानातला पांढरा कोट अंगावर तसाच होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, नणंदेकडेही नाही. लेकीच्या पायातले बूट काढले, मोजे काढले आणि तिचे तळवे हातात धरून बसली. रक्त काढून झालं, सोनोग्राफी झाली. आत्या खोलीच्या दारापासून लिफ्टपर्यंत आणि लिफ्टपासून दारापर्यंत चालत राहिली. एका परिचारिकेने दोनदा बसायला सांगितलं, तिसऱ्यांदा तिने खुर्चीच आणून मध्ये ठेवली, तर आत्या खुर्चीला वळसा घालून चालू लागली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सरळ बोलल्या. "विषाणूचा संसर्ग आहे. घसा दुखला होता ना, तोच. ताप जातो, पण आजार आत राहतो, थकवा महिना महिना जात नाही. ते बरं होईल. पण तिची पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजलीये, बरीच. डाव्या बरगडीच्या मागे असते ती. सुजलेली पाणथरी नाजूक असते. पोटावर आपटली, कुणाचं कोपर लागलं, तर फुटू शकते. आत रक्त जातं आणि मग वेळ फार कमी मिळतो." त्यांनी विचारलं, "खेळते म्हणालात ना. काय खेळते?"

दादा म्हणाला, "व्हॉलीबॉल." आणि मग, जणू त्यांनी विचारलंच होतं असं, "गेल्या रविवारी तिने जमिनीवर सूर मारले. कितीतरी. मी बाहेरून ओरडत होतो, मार म्हणून."

"नशीब तिचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नाकतोड्याला त्यांनी दाखल करून घेतलं. खेळ बंद, धावणं बंद, वजन उचलणं बंद, निदान दोन महिने.

वहिनीने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही आता जा. उद्या तुमचा सामना आहे." आवाज अगदी शांत होता. इतका शांत, की तो मुकाट्याने उठला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना झाला. आत्या संघाबरोबर होती, कारण बाकीच्या मुलीही तिच्याच होत्या. नाकतोड्याच्या जागी पेन्सिल खेळली, जीव ओतून खेळली, पण तिची उंची होती तेवढीच होती. दादा एरवी बाकासमोर आरडाओरडा करत वाघासारखा फेऱ्या मारायचा. त्या दिवशी तो मांड्यांवर हात ठेवून बसून राहिला. चेंडू वाचवायला मुलगी जमिनीवर झेपावली की तो डोळे मिटायचा. ते हरले. निवड समितीवाल्यांनी शिबिराची जागा समोरच्या संघातल्या मुलीला दिली आणि दादाशी हात मिळवून निघून गेले.

संध्याकाळी आत्या रुग्णालयात गेली. नाकतोड्याने पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केलं होतं.

"हरलो ना?"

"हरलो."

"मी असते तर जिंकलो असतो."

"असतीस तर कदाचित जिंकलो असतो," आत्या म्हणाली, "आणि कदाचित तू नसतीस."

"मला नको सांगूस!" ती ओरडली. मग पोट धरून, दात आवळून म्हणाली, "तू एक दिवस थांबू शकत होतीस. फक्त एक दिवस. जा आत्या. मला तुझं तोंडही बघायचं नाही."

आत्या गेली. जिन्यात तिला दादा भेटला. तो पायरीवर बसला होता, हातात फळांची पिशवी, वर जायचं धाडस नसल्यासारखा. ती त्याच्याशेजारी बसली. जिन्यातून लोक येत-जात होते, दोघं पाय आवरून वाट देत होते.

"धाकटे," तो म्हणाला, "मला ठाऊक होतं गं. पाय वर घ्यायला शिकवलं तेव्हाच ठाऊक होतं की काहीतरी बिनसलंय. नाहीतर शिकवलं कशाला असतं?"

आत्याला त्याच्यावर रागवायचं होतं. दोन दिवस तिने त्याला काय काय सुनवायचं ते ठरवून ठेवलं होतं. पण शब्द आले ते दुसरेच. "मलाही आकडा हवाच होता, दादा. मी बघितलंच नाही."

फळांची पिशवी त्याने तिच्या मांडीवर ठेवली, मग परत उचलली, आणि उठून वर गेला. वहिनीने त्याला आत घेतलं की दारातूनच परत पाठवलं, हे आत्याला त्या दिवशी कळलं नाही.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. नाकतोडा घरी आली, असं वहिनीने फोनवर सांगितलं. खाते का, झोपते का, सूज उतरते का, सगळं वहिनी सांगायची. "माझी आठवण काढते का?" असं आत्याने एकदा विचारलं, तर वहिनी म्हणाली, "शिव्या घालते. म्हणजे आठवण काढतेच की." आत्या हसली आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघराची फरशी दुसऱ्यांदा पुसली. हॉलमध्ये तिने मुलींच्या उड्या घेणं थांबवलं नाही, पण आता टॅबलेट पेन्सिलच्या हातात असायचा आणि आत्या चटईसमोर उकिडवी बसून पायांकडे बघायची. दादाने महिनाभर सराव सहायकाकडे सोपवला होता. कुणी म्हणे तो राजीनामा देणार, कुणी म्हणे दिलासुद्धा. त्याने दिला नाही. एका सोमवारी तो आला आणि मुलींना म्हणाला, "कुणाचं काही दुखत असेल तर आधी मला सांगायचं. मी ऐकलं नाही तर हिला सांगायचं. हिनेही ऐकलं नाही तर आपापल्या आईला सांगायचं." मुली हसल्या. तो हसला नाही.

सहाव्या आठवड्यात, रविवारी दुपारी, आत्याचा फोन वाजला.

"मी बोलतेय," नाकतोडा म्हणाली.

आत्याने गॅस बंद केला. "बोल."

"सोनोग्राफी झाली. सूज उतरलीये. अजून तीन आठवडे काहीही करायचं नाही म्हणतात." मग तिने बजावलं, "मी अजून रागावलेली आहे हां."

"बरं."

"पण घरात आई बोलत नाही बाबांशी, बाबा बोलत नाहीत कुणाशीच, आणि मला घराबाहेर पडायची परवानगी नाही. मी वेडी होईन इथे. तू येतेस का?"

आत्याने पायात चपला सरकवल्या, दोन्ही वेगवेगळ्या जोडांतल्या, आणि फोन कानाला तसाच धरून ती जिना उतरू लागली.

"आत्या? ऐकतेयस ना? येतेस का?"

"निघालेय," आत्या म्हणाली.